मोबाइल यंत्राची निगा

तामिळनाडूतील कुंभकोणम् शहरालगत दारासुरम् हे गाव वसलेले आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात तेथे ऐरावतेश्वराचे मंदिर बांधविले. चाके व घोडे कोरून रथाचे रूप दिलेला त्याचा मंडप सर्वश्रुत आहे. २००४ साली या मंदिराची गणना जागतिक वारशात झाली. गावात रेशमी वस्त्रांचे विणकामही चालते. मंदिर पाहावयास येणारा यात्रेकरू आणि मागावर बसणारा विणकर या दोघांच्याही हाती आज एक वस्तू हमखास आढळते, ती म्हणजे मोबाइल. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या वेळी ही चैनीची वस्तू होती. आज विणकराकडे नक्षीचा नमुना येतो तो याच यंत्रावर, मागणी येते ती याच यंत्रावर आणि मोबदलाही पुष्कळदा याच मार्गाने येतो. असे यंत्र अकाली निकामी झाले तर त्याची झळ कुटुंबाच्या मिळकतीस लागते. म्हणून त्याची निगा कशी राखावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीचे कार्य

यंत्राचा जो भाग सर्वांत आधी थकतो तो म्हणजे बॅटरी. मोबाइलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका बाजूस ग्रॅफाइटचे थर असतात, तर दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचे. बॅटरी भारित होत असताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात, आणि वापराच्या वेळी ते परत फिरतात. या येरझाऱ्यांत थोडे लिथियम अनुषंगिक रासायनिक क्रियांत अडकून पडते व पुन्हा कामास येत नाही. बॅटरीची धारणशक्ती हळूहळू घटते ती यामुळेच. ही झीज टाळता येत नाही. तिचा वेग मात्र कमी करता येतो.

उष्णता : पहिला शत्रू

तपमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, हा नियम येथेही लागू पडतो. साधारणतः ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत यंत्र सुखाने काम करते. कावेरीच्या खोऱ्यात उन्हाळ्यातील दुपारचे तपमान ही मर्यादा सहज ओलांडते. उन्हात तापलेल्या दगडी फरसबंदीवर ठेवलेले यंत्र त्याहूनही अधिक तापते. बंद मोटारीतील हवा भर उन्हात ४५ अंशांच्या वर जाते. म्हणून यंत्र सावलीत ठेवावे. उन्हात सलग चित्रीकरण करू नये, आणि भारित होत असताना ते उशीखाली किंवा कापडात गुंडाळून ठेवू नये. तापलेले यंत्र थंड करण्यासाठी शीतपेटीत ठेवणे मात्र घातक होय, कारण आतील बाष्पाचे पाणी होऊन ते मंडलांवर जमते.

भारण किती करावे?

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या करून मग भाराव्यात, असा प्रघात होता. लिथियम बॅटरीस तो लावणे चूक आहे. पूर्ण भारित आणि पूर्ण रिक्त या दोन्ही अवस्थांत तिच्या अंतर्भागावर ताण पडतो. शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान भार राखला, तर आयुष्य वाढते. यंत्र काही महिने वापरावयाचे नसेल, तर ते सुमारे निम्मे भारून, बंद करून थंड व कोरड्या जागी ठेवावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू अथवा टोचू नये. तिला आग लागण्याचा संभव असतो.

पाणी आणि धूळ

दारासुरम्‌च्या परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. पाणी आत गेलेले यंत्र चालू राहिले, तर विद्युत्प्रवाहामुळे तांब्याच्या सूक्ष्म रेषा झपाट्याने गंजतात. त्यामुळे प्रथम यंत्र बंद करावे, पुसावे आणि हवेशीर जागी वाळू द्यावे. ते भारावयास लावू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी त्याने विशेष लाभ होत नाही. उलट तांदळाची भुकटी छिद्रांत शिरते. जलरोधक म्हणविणाऱ्या यंत्रांची परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्यात झालेली असते, आणि रबरी बंद जुने झाल्यावर ती शक्ती उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वाळू व ग्रॅनाइट यांच्या कणांत क्वार्ट्‌झ असते आणि ते काचेहून कठीण असते. धुळीने माखलेला पडदा कोरड्या कापडाने घासल्यास ओरखडे उठतात. ते टाळण्यासाठी आधी धूळ झटकावी, मग मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावे. भारणाच्या छिद्रातील कचरा यंत्र बंद करून मऊ, कोरड्या कुंचल्याने काढावा. तेथे टाचणी घालू नये.

आघाताचे गणित

२०० ग्रॅम वजनाचे यंत्र एक मीटर उंचीवरून पडले, तर त्यास सुमारे दोन जूल ऊर्जा प्राप्त होते. दगडावर ते अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात थांबले, तर सरासरी बल ४,००० न्यूटन भरते, म्हणजे जवळजवळ ४०० किलोग्रॅम वजनाइतके! रबरी आवरण दोन मिलिमीटर दबले, तर तेच बल चौथ्या हिश्शावर येते. अल्प किमतीच्या आवरणाचे महत्त्व यावरून कळून येईल.

दुरुस्ती आणि विल्हेवाट

बॅटरी थकली म्हणजे यंत्र संपले असे नव्हे. जाणकार कारागिराकडून नवी, प्रमाणित बॅटरी बसविल्यास ते आणखी काही वर्षे काम देते. उत्पादक पाठवील त्या सुरक्षा-सुधारणाही वेळच्या वेळी यंत्रात भरून घ्याव्यात. मोबाइलमध्ये कोबाल्ट, तांबे, सोने असे धातू असतात आणि ते मिळविण्यासाठी खाणी खोदाव्या लागतात. यंत्राच्या जीवनक्रमात जे प्रदूषण घडते, त्याचा मोठा भाग ते ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच, निर्मितीच्या वेळी घडलेला असतो. एक यंत्र तीनऐवजी पाच वर्षे वापरले, तर तो भार अधिक वर्षांवर विभागला जातो. सर्वस्वी निरुपयोगी झालेले यंत्र घरच्या केरात न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यावे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनश्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे.

यांपैकी बहुतेक उपायांना खर्च नाही. सावली, कोरडेपणा, बेताचे भारण आणि एक साधे आवरण, एवढी काळजी विद्यार्थ्यासही घेता येईल. विज्ञानाने दिलेले साधन नीट वापरणे आणि दीर्घकाळ टिकविणे, हाही वैज्ञानिक दृष्टीचाच भाग होय.