नाताळची पंगत

गेल्या वर्षीच्या 25 डिसेंबरची सकाळ. असोद्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी पायांत बूट चढवीत होतो. आत चुलीपाशी माय होती. तिने तिथूनच विचारले, "तठी जेवशीन का रे?"

प्रश्न साधा होता. पण मी बुटाच्या नाडीशी उगाच खेळत राहिलो. "बघू," एवढेच म्हणालो आणि निघालो.

"तठी" म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या मिशनच्या वसतिगृहात. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे मुलांची देखभाल करते. "सर, वर्गात तुम्ही आम्हांला 'स्मृतिचित्रे' शिकवलीत. एकदा आमचा नाताळ बघायला या," असे तिने तीन वर्षे सतत लिहिले आणि तीन वर्षे मी काही ना काही सबब सांगितली. चौथ्या वर्षी सबबी संपल्या. कॉलेजातल्या मंडळींकडून जमवलेले जुने कपड्यांचे एक गाठोडे आणि बिस्किटांचे दोन खोके घेऊन मी एस.टी.त बसलो. रिकाम्या हाताने जात नाही, याचे मला मोठे समाधान वाटत होते.

ते समाधान फाटकाच्या आत फार वेळ टिकले नाही. बाईंनी बिस्किटे आनंदाने घेतली, गाठोडे मात्र हळूच आतल्या खोलीत नेऊन ठेवले आणि परत येऊन म्हणाल्या, "सर, हे उद्या काढू. सणाच्या दिवशी जुने नेसायचे नसते ना!" बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्याच घरचा नियम पाहुण्याला सांगावा तसे त्या बोलल्या. माझ्या मायनेही नेमके हेच सांगितले असते. ते मला सुचले नव्हते. कारण ज्या मुलांकडे आपण निघालो आहोत ती 'गरीब मुले' आहेत एवढेच माझ्या डोक्यात होते. ती सण करणारी मुले आहेत, हे ध्यानातच आले नव्हते.

मुले साठएक असतील. बहुतेक पावरा आणि भिल्ल वस्त्यांतली. काही ख्रिस्ती घरची, बरीचशी नव्हेत. दिवाळी झाली की यांच्यातल्या अनेकांचे आईबाप ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घराला कुलूप, म्हणून सुट्टी लागली तरी ही पोरे इथेच. कोणी नवा सदरा घातलेला, कोणाच्या फ्रॉकची घडी अजून मोडायची होती. अंगणात गव्हाणीचा देखावा मांडला होता. भिंती पऱ्हाट्यांच्या, छप्पर केळीच्या पानांचे. गोठ्यावर बर्फ पडलेला दाखवायचा होता. तर शेजारच्या शेतातला ताजा कापूस पिंजून वर पसरला होता. खानदेशातला बर्फ आणखी कशाचा असणार? वर बांबूच्या कामट्यांची चांदणी लटकत होती. तीच चांदणी महिन्यादीडमहिन्यापूर्वी दिवाळीचा आकाशकंदील म्हणून लागली होती, ही गुप्त वार्ता एका पोराने मला कानात सांगितली.

मग भजन झाले. पेटी, तबला आणि टाळ. डोळे मिटले तर एखाद्या वारकऱ्याच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटावे! पद होते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. गेली वीस वर्षे मी टिळकांच्या कविता शिकवतो आहे. त्यांचे शब्द पोटभर आवाजात गाताना मात्र त्या दिवशी प्रथम ऐकले.

ऐकता ऐकता मला आमच्याच भागातला एक मुलगा आठवला. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले. सोळा-सतरा वर्षांच्या या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे टिळक-पतिपत्नींनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. टिळक 1895 साली ख्रिस्ती झालेले. लक्ष्मीबाई पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवीत. मग एके दिवशी, जातपात देवाने केलेली नाही, ही माणसांची करणी आहे, असे त्यांचे त्यांनाच उमगले आणि त्यांनी सोवळे सोडले. अशा घरात हा खानदेशी पोरगा राहिला, जेवला, रुसला आणि कविता करीत मोठा झाला. त्याचा धर्म कोणी काढून घेतला नाही. तो अखेरपर्यंत हिंदूच राहिला. 'स्मृतिचित्रां'त ठोमरे येतो तो आश्रित म्हणून येत नाही, घरचा मुलगा म्हणून येतो. 5 मे 1918 रोजी आमच्या असोद्याच्या शेजारच्या भादली स्टेशनात आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्या स्टेशनावरून मी किती वेळा गेलो असेन. पण त्याला ऊब देणारे घर कसे असेल, हे पाहायला मला सातपुड्याच्या पायथ्याशी यावे लागले.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली. उपाशी पोराचे डोळे कसे असतात हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी घर उभे केले. तिथे त्या मुली नुसत्या पोसल्या गेल्या नाहीत. त्या विणायला शिकल्या, शेती करायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. घेणाऱ्या हाताला देता यावे, यासाठी ही सारी खटपट.

दुपारी पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि नाताळच्या फराळातली करंजी. वाढायला मुलेच. माझे पान मांडले आणि आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा दोन्ही हातांनी बट्टीची परात सावरीत समोर उभा राहिला. आणि वाचकहो, वीस वर्षे वर्गात लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटल्याचा प्रसंग रंगवून सांगणारा हा प्राध्यापक चक्क म्हणाला, "मला नको रे, घरी माय वाट पाहत असेल!"

पोरगा हलला नाही. त्याने एकदा बट्टीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "सर, तुम्ही आमच्या हातचं खात नाही का?"

त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच तो सोसेना. या मुलांना देणारे पुष्कळ भेटतात. गाठोडी येतात, खोके येतात. यांच्या हातचे घेणारा मात्र क्वचित येतो. वर्षातून एकदा त्याला यजमान होता आले होते आणि तेवढे यजमानपणही मी नाकारत होतो. मी पान पुढे ओढले. त्याने दोन बट्ट्या वाढल्या, वर तुपाची धार धरली आणि "आणखी घ्या, लाजू नका," असा आग्रह अगदी आमच्या गावच्या लग्नातल्या काकांसारखा केला. मी चार खाल्ल्या.

संध्याकाळी घरी आलो. ओट्यावरच मायला सगळे सांगून टाकले. मी नको कसा म्हणालो, तेही. वर धीर करून म्हणालो, "तू सकाळी विचारलंस ना, म्हणून मला वाटलं, तुला चालणार नाही."

माय माझ्याकडे बघतच राहिली. "माले? अरे, मी इचारलं ते भाकरीसाठी! तू जेवून येनार असशीन तं पीठ कमी भिजवलं असतं. पोरायनं वाढलं अन् तू नाही म्हने? येवढं शिकून असा कसा रे तू?"

उत्तर नव्हते. अडचण माझी होती. मी ती बिनबोभाट म्हातारीच्या नावावर टाकून दिली होती.

यंदा दिवाळीच्या करंज्या मायने जरा जास्तच केल्या आहेत. डबा भरून बाजूला ठेवला आहे आणि मला बजावले आहे, "पोरायले दे. अन् त्यायच्या घरून डबा रिकामा आनू नको."