हरवलेला हातचा : कर्नलमधील गुप्तलेखनाची तपासणी

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लष्करातील कर्नलशी त्याचा संबंध नाही. खरबुजाच्या बीमधील गराला आपण मगज म्हणतो, त्याच अर्थाचा हा शब्द आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये संदेश गुप्त करणारा आणि वाटेत कोणी त्यात फेरफार केला नाही ना, हे पाहणारा प्रोग्रॅमही असतो. एरवी प्रोग्रॅम चुकला की पडद्यावर काहीतरी वेडेवाकडे उमटते. येथे बरोबर उत्तरही अर्थहीन आकड्यांची रांगच असते. मग चूक ओळखायची कशी?

एक मार्ग आपल्या परिचयाचा आहे : उत्तरपत्रिका आदर्श उत्तराशी ताडून पाहणे. गुप्तलेखनाच्या प्रमाण पद्धतींबरोबर नमुन्याची किल्ली, संदेश आणि अपेक्षित उत्तर दिलेले असते. कर्नल नवी पद्धत वापरात घेताना असे नमुने सोडवून पाहू शकतो. पण दरवर्षी तीच प्रश्नपत्रिका काढली तर काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको.

पॉली-१३०५ या पद्धतीत नेमके हेच घडले. ही पद्धत संदेश गुप्त करत नाही. त्यावर १६ बाइटांची खूणमुद्रा उमटवते. हे गणित २ च्या १३० व्या घातातून ५ वजा करून येणाऱ्या संख्येवर चालते. एवढी मोठी संख्या एका घरात मावत नाही, म्हणून २६ बिटांचे पाच भाग करतात. एक भाग भरून वाहिला की हातचा पुढच्या भागात जातो. शेवटच्या भागाचा हातचा पाचाने गुणून पहिल्यात मिळवतात. २०१५ मध्ये कर्नलच्या ४.३ या आवृत्तीत या पद्धतीचा एक वेगवान प्रोग्रॅम आला. तो एकाच वेळी संदेशाचे चार तुकडे घेई. साध्या, एकेक तुकडा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो शेवटचा हातचा ३२ बिटांत मावतो. वेगवान प्रोग्रॅममध्येही तेच गृहीत धरले गेले. परंतु चार तुकड्यांची बेरीज जवळपास चौपट, आणि क्वचित एखाद्या संदेशात हातचा ३२ बिटांबाहेर जाई. वरचे बिट गळून पडत आणि खूणमुद्रा चुकीची येई. ठरलेल्या नमुन्यांत तसा संदेशच नव्हता.

२०१९ मध्ये एरिक बिगर्स यांनी तपासणीची रीत बदलली. यादृच्छिक संदेश तयार करायचे, ते साध्या आणि वेगवान अशा दोन्ही प्रोग्रॅमना द्यायचे आणि उत्तरे ताडायची. त्यात ही चूक सापडली. दुरुस्ती अगदी लहान होती : हातच्यासाठी ३२ ऐवजी ६४ बिटांची जागा. मला मात्र त्यासोबतचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. ही चूक हमखास उघडी पाडणारा एक संदेश त्यांनी ठरलेल्या नमुन्यांत कायमचा घातला.

अर्थात साधा प्रोग्रॅमच चुकीचा असेल आणि वेगवान प्रोग्रॅम त्याच चुकीवर बेतलेला असेल, तर दोघांची उत्तरे जुळतील. कॉपी केलेल्या दोन उत्तरपत्रिका जुळतात, तशीच.