टाकी दिसते, डबी दिसत नाही

अंगारकी चतुर्थीला भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला जालना, भोकरदनकडून गाड्यांची रीघ लागते. पेट्रोलवरून गॅसवर आणलेल्या व्हॅन आणि कार त्यात असतातच. अशा गाडीवाल्याला किटबद्दल विचारा. टाकी किती किलोची आणि ॲव्हरेज किती, एवढं तो लगेच सांगेल. बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास बसवलेल्या तळहाताएवढ्या डबीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. किटचा जीव मात्र त्या डबीतच आहे. तिचं नाव गॅसचा ईसीयू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट.

टाकीत सीएनजी 200 बार दाबाने भरलेला असतो. रेड्युसर हा दाब दोनेक बारवर उतरवतो. दाब एकदम पडला की गॅस गारठतो, म्हणून इंजिनचं गरम पाणी रेड्युसरमधून फिरवावं लागतं. सकाळी गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जाते ती यामुळेच. पाणी पुरेसं तापलं की नाही, हे डबी पाहत असते.

कार्बोरेटरच्या जमान्यात मिस्त्री स्क्रू फिरवायचा, इंजिनचा आवाज ऐकायचा आणि सेटिंग झालं म्हणायचा. इंजेक्शनच्या गाडीत ते चालत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, एलपीजीला साडेपंधरा, सीएनजीला सुमारे 17. कंपनीचा मूळ ईसीयू पेट्रोलचंच गणित जाणतो. गाडी गॅसवर असतानाही तो पेट्रोलचे इंजेक्टर उघडायचे हुकूम सोडत राहतो. डबी ते हुकूम मधल्यामध्ये अडवते, इंजेक्टर चालूच असल्याचा आभास करून देते आणि त्याच हुकुमाची वेळ गॅसच्या दाबाप्रमाणे, तापमानाप्रमाणे बदलून गॅसचे इंजेक्टर उघडते.

खरी मेख पुढे आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मूळ ईसीयूला सतत कळवतो की मिश्रणात इंधन कमी पडतंय की जास्त. गॅसचं सेटिंग चुकलेलं असेल तर तो बिचारा ईसीयू पेट्रोलचाच आकडा दुरुस्त करत बसतो आणि ती दुरुस्ती लक्षात ठेवतो. मग गाडी पेट्रोलवर आणली की झटके खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि दोष पेट्रोलच्या माथी मारला जातो. दिव्याची वायर कापून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

ठिणगीचंही तसंच. सीएनजीतला मिथेन सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडायला हवी. त्यासाठी टायमिंग ॲडव्हान्सर लावतात. तरी गॅस हवेची जागा व्यापतो, त्यामुळे पिकअप थोडा कमी होणारच. एक लिटर इंजिनची वॅगनआर कंपनीच्या सीएनजीतही पेट्रोलवरच्या 67 पीएसऐवजी 57 पीएस देते.

मारुतीने 2010 मध्ये कंपनीतूनच सीएनजी गाड्या द्यायला सुरुवात केली, त्यात एकमेकांशी बोलणारे दोन ईसीयू होते. टाटाने पुढे दोन्ही इंधनांसाठी एकच ईसीयू ठेवला. बीएस 6 पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी 2022 मध्ये मिळाली, तीही साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना आणि मंजूर किटलाच. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणं बेकायदा आहेच, शिवाय जिवावरचा खेळ आहे.

म्हणून किट बसवताना टाकीच्या भावात घासाघीस करण्याआधी एक विचारा: लॅपटॉप जोडून, गाडी रस्त्यावर पळवून सेटिंग करून देणार का? आपल्या मॉडेलसाठी किटला मान्यता आहे का ते पाहा, आरसी बुकवर नोंद करून घ्या आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांची तपासणी चुकवू नका.