नऊ धावल्या, नऊही पोहोचल्या

२ ऑगस्ट १९२८. ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकच्या मैदानावर स्त्रियांची ८०० मीटरची अंतिम शर्यत झाली. ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया एवढे अंतर पहिल्यांदाच धावत होत्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. जपानची किनुए हितोमी दुसरी आणि स्वीडनची इंगा गेंत्सेल तिसरी. या तिघींनीही तोवरचा जागतिक विक्रम मोडला होता.

दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना मात्र वेगळेच चित्र दिसले. अमेरिकेतल्या एका वार्ताहराने अकरा दीनवाण्या बायका धावल्याचे लिहिले. त्यातल्या पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली आणि पाच जणी शेवटी कोसळल्या, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात धावल्या नऊ जणी आणि शर्यत पूर्ण केली तीही नऊ जणींनी. काही जणी शेवटची रेषा ओलांडल्यावर गवतावर आडव्या झाल्या, एवढेच खरे. कॅनडाची बॉबी रोझेनफेल्ड तर आपली दमलेली सहकारी जीन थॉम्पसन हिला धीर देत तिच्या मागून धावली आणि चौथा क्रमांक तिला देऊन स्वतः पाचवी आली. जिच्या अंगात त्राण उरलेले नाही, तिला हे सुचत नाही.

तरीही या शर्यतीनंतर स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली. ती परतली १९६० मध्ये, रोमला. मधली ३२ वर्षे एका वैद्यकीय समजुतीच्या नावावर जमा आहेत, आणि ही समजूत आजही आपल्या घरांतून आणि शाळांतून पूर्ण गेलेली नाही.

आधी त्या गवतावर पडण्याबद्दल. ८०० मीटर ही धावण्यातली बहुधा सर्वांत त्रासदायक शर्यत. लागणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने दोनतृतीयांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने मिळते, उरलेली स्नायूंना प्राणवायूशिवाय तयार करावी लागते. त्यातून स्नायूंत आणि रक्तात आम्लता वाढते, पाय जड होतात, मळमळते. यात भर पडते ती एकदम थांबण्याची. धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू दर पावलागणिक रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. धावपटू थांबली की हा पंप बंद पडतो, रक्त पायांतच साचते, रक्तदाब झपकन खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवे झाले की डोके हृदयाच्या पातळीला येते आणि काही मिनिटांत बरे वाटते. ‘शर्यत संपली तरी थांबू नकोस, चालत राहा’ असे शाळेतले पीटीचे सर ओरडून सांगतात, ते याचसाठी. यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कोणत्याही जिल्हास्तरीय स्पर्धेत मुलांची ८०० मीटर शर्यत पाहा, रेषेपलीकडे निम्मे तरी जमिनीवर दिसतील.

पुरुष कोसळले तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये आला तो भ्रमिष्टासारखा. चुकीच्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा पडला. पंचांनी हात दिला म्हणून तो बाद ठरला, पण राणी अलेक्झांड्राने त्याला चषक देऊन गौरवले. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या उन्हात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. शर्यतीतला मृत्यू होता तो. पण मॅरेथॉन पुरुषांना झेपत नाही, असे कोणी म्हटले नाही. पुढच्या ऑलिम्पिकमध्ये, १९२० साली ॲन्टवर्पला, मॅरेथॉनचे अंतर उलट वाढले होते.

या ८०० मीटरच्या शर्यतीपर्यंत स्त्रिया पोहोचल्या कशा, याची वाट फुटबॉलच्या मैदानातून जाते. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत आल्या आणि मधल्या सुट्टीत चेंडू लाथाडू लागल्या. फ्रान्समध्ये पॅरिसच्या ‘फेमिना स्पोर’ या स्त्रियांच्या क्लबने सप्टेंबर १९१७ मध्ये आपल्याच दोन संघांत फुटबॉलचा सामना खेळवला. त्यातल्या एका संघाची कर्णधार होती तेरेझ ब्रुले, मैदानी स्पर्धा गाजवणारी खेळाडू. तेव्हा धावणारी वेगळी आणि फुटबॉल खेळणारी वेगळी, अशी वाटणी नव्हतीच. कार्मेन पोमिएस भालाफेक करायची आणि फ्रान्सच्या संघातून फुटबॉलही खेळायची. व्हायोलेत मॉरिस गोळा, भाला आणि फुटबॉल तिन्हींत होती. (तिचे पुढचे आयुष्य फार अंधाऱ्या वाटेने गेले, पण तो विषय निराळा.) आजच्या प्रशिक्षकांना हे हौशीपणाचे वाटेल. शरीराच्या दृष्टीने मात्र ते बरेच होते. फुटबॉलमध्ये खेळाडू दीड तास धावते, पण एका गतीने नाही. चालणे, दुडकी, मध्येच जीव खाऊन धाव, पुन्हा दम घेणे. धावपटूंची ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात ती वेगळे काय असते?

या सगळ्यांमागे उभी होती आलीस मिलिया. ती स्वतः वल्हवणारी. १९२० मध्ये फ्रान्सच्या मुलींचा फुटबॉल संघ घेऊन ती इंग्लंडला गेली. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाविरुद्धचा पहिला सामना बघायला २५ हजार लोक आले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर’च्या मुलींचा सामना पाहायला ५३ हजार लोक जमले आणि आणखी हजारो बाहेर राहिले. गल्ल्याचा पैसा जायचा युद्धातल्या जखमी सैनिकांसारख्या कामांना.

वर्षभरात याला चाप बसला. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांसाठी अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांना देऊ नयेत. मदतनिधीच्या हिशेबाबद्दलचीही कुरबूर ठरावात होती. पण वजन पडले ते वैद्यकीय मताचे. लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या डॉ. मेरी शार्लिब यांनी हा खेळ स्त्रीच्या शरीराला झेपणारा नाही, असे मत दिले. शार्लिब स्वतः स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या. आपल्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. अशा बाईने हे म्हणावे, यावरून ती समजूत किती खोल रुजली होती हे कळते. ती बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली.

मिलियाने त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा महासंघ स्थापन केला होता. ऑलिम्पिक समिती मैदानी स्पर्धांत स्त्रियांना घेत नव्हती, तेव्हा तिने २० ऑगस्ट १९२२ रोजी पॅरिसच्या पर्शिंग स्टेडियममध्ये स्त्रियांचे वेगळे ऑलिम्पिकच भरवले. एका दिवसाच्या त्या स्पर्धेत १००० मीटरची शर्यत होती. फ्रान्सच्या ल्युसी ब्रेआरने ती ३ मिनिटे १२ सेकंदांत जिंकली. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या सहा वर्षे आधी बायका ८०० पेक्षा जास्त अंतर धावून मोकळ्या झाल्या होत्या.

मग डॉक्टरांना भीती कशाची होती? दोन कल्पना होत्या. पहिली म्हणजे, शरीरात जीवनशक्तीचा ठरावीक साठा असतो. बाईने तो पळण्यात किंवा शिकण्यात उधळला तर गर्भाशयाला कमी पडतो. १८७३ मध्ये बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी याच आधारावर मुलींच्या उच्च शिक्षणाविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले. पुराव्यादाखल त्यांच्याकडे मोजक्या रुग्ण मुलींच्या कहाण्या होत्या. त्याला उत्तर दिले न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी, आणि तेही वाद घालून नव्हे तर मोजून. अडीचशेहून अधिक स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पाळीच्या आधी आणि नंतर नाडीचे आलेख काढले, ताकद मोजली. पाळीत सक्तीची विश्रांती हवी याला आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष १८७७ मध्ये छापून आला. क्लार्कच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. जेकोबींचे पुस्तक वाचले गेले ते फार थोड्यांकडून.

दुसरी कल्पना अशी, की धावण्याच्या हादऱ्यांनी गर्भाशय जागचे हलते. शरीररचना पाहिली तर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या खोल परडीत, स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या आधारावर असते. वृषण बाहेर लोंबणाऱ्या पुरुषांना कोणी धावू नका म्हणाले नाही, हे इथे नमूद करायला हवे.

शिवाय बंदीनंतरही प्रयोग चालूच होता. मिलियाच्या स्पर्धांत ८०० मीटर शर्यत राहिली; १९३० मध्ये प्रागला ती इंग्लंडच्या ग्लॅडिस लन हिने जिंकली. धावणाऱ्या बायका दिसत होत्या, त्यांना मोजता येत होते. पण ठरवणाऱ्यांना मोजायचे नव्हते.

याची झळ आपल्यापर्यंत आली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला भारताच्या मैदानी संघातून पहिल्यांदा दोन स्त्रिया गेल्या: नीलिमा घोष आणि वांद्र्याची मेरी डिसूझा. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. हॉकीही ती देशासाठी खेळली. त्या वर्षी स्त्रियांसाठी २०० मीटरच्या पुढे शर्यतच नव्हती. तिच्यात ८०० धावायची कुवत होती की नाही, हे तपासायची सोयच नव्हती. १५०० मीटर आली १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, ३००० मीटर स्टीपलचेस तर थेट २००८ मध्ये. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिचा जन्म वीस वर्षे आधी झाला असता, तर तिच्यासाठी ही शर्यत नसतीच.

धावणाऱ्या आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना धोका नाही, असे मात्र नाही. तो आहे, फक्त जुन्या डॉक्टरांनी बोट दाखवले तिथे नाही. पहिला धोका लोहाच्या कमतरतेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी. अशी मुलगी मागे पडते आणि ‘हिच्यात दमच नाही’ असा शेरा मिळवते. सराव वाढवण्याआधी रक्ततपासणी केली तर हा शेरा बऱ्याचदा पुसता येतो.

दुसरा धोका कमी खाण्याचा. व्यायामाला पुरेल इतके अन्न पोटात जात नसेल तर शरीर काटकसर करते आणि त्यात पाळी थांबते. वजन कमी तर वेग जास्त, या हिशेबापायी मुली स्वतःहून कमी खातात. काही घरांत वाढतानाच मुलाच्या ताटात जास्त पडते. पाळी बंद होणे हे ‘चांगला सराव’ झाल्याचे लक्षण नाही. इस्ट्रोजेन घटले की हाडे विरळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायला हवे. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलगी हे त्याला सांगत नाही, म्हणून संघाबरोबर एखादी बाई असणे ही आरोग्याची गरज आहे.

तिसरा धोका फुटबॉलचा खास: गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटणे. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दोन ते तीन पट आढळते. उडीवरून उतरताना गुडघा आत वळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची कमी ताकद, मुलांच्या पायांच्या मापाने बनवलेले बूट अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. ती बरीचशी टाळता येते. ‘फिफा’ने सुचवलेला ‘११ प्लस’ हा वीस मिनिटांचा सराव खेळाआधी नियमित केला तर गंभीर दुखापती घटतात, असे नॉर्वेतल्या मुलींच्या संघांवर केलेल्या मोठ्या चाचणीत दिसले. त्याला उपकरणे लागत नाहीत. एक मोकळे मैदान, काही खुणेचे कोन आणि मुलींना वीस मिनिटे आधी बोलावणारा प्रशिक्षक पुरतो.