वर्डप्रेसमध्ये स्वतःचा कोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळुरूत के. आर. पुरमला राहून जांभळ्या मेट्रोने व्हाइटफील्डच्या कंपन्यांत जाणाऱ्या मराठी पोरांना गावाकडून हमखास एक फोन येतो : ‘अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? आपल्या मंडळाच्या वेबसाइटवर तारखांचे आकडे इंग्रजी दिसतात. तेवढे मराठीत करून दे की!’ साइट बहुधा वर्डप्रेसवर असते आणि काम खरंच दहा-बारा ओळींचं असतं. पण त्या ओळी कुठे टाकायच्या, इथेच गफलत होते.

गैरसमज : मूळ फाइल उघडून बदल केला की झालं.
वस्तुस्थिती : आज झालं, पण पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. अपडेट मूळ फाइल्सवर नव्या फाइल्स चढवतं, २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून छोटी अपडेट्स आपोआपही होतात. अपडेट बंद ठेवणं हा उपाय नव्हे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. मूळ फाइलला हात न लावता आपला कोड जोडता यावा, यासाठी २००४ सालच्या १.२ आवृत्तीपासून प्लगइनची सोय आहे. वर्डप्रेस ठरावीक टप्प्यांवर ‘इथे कुणाला काही करायचंय का?’ असं विचारतं. त्या जागांना हुक म्हणतात. त्यातला ‘फिल्टर’ हाती आलेला मजकूर बदलून परत देतो.

गैरसमज : कोड थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्येच टाकायचा असतो.
वस्तुस्थिती : उद्या मंडळाने थीम बदलली की तारखा पुन्हा इंग्रजी. दिसण्यापुरता बदल असेल तर चाइल्ड थीम. साइटचं काम बदलत असेल तर प्लगइन. प्लगइनला लागते एक पीएचपी फाइल आणि वरच्या टिपणीत त्याचं नाव, बस्स.

गैरसमज : एवढ्याशा कोडमध्ये काय बिघडणार?
वस्तुस्थिती : तारखेचंच घ्या. ‘गेट द डेट’ या फिल्टरवर 0 ते 9 च्या जागी ० ते ९ बसवले की पानावर छान दिसतं. पण बऱ्याच थीम याच नावाच्या फंक्शनने यंत्रांसाठीची तारीखही छापतात. ती वाचकाला दिसत नाही, पण देवनागरी आकडे आले की प्रमाणित साच्यात बसत नाही. फिल्टरला तारखेसोबत तिचा साचाही मिळू शकतो. तो मागून घ्यावा आणि यंत्राचा साचा असेल तर तारीख तशीच सोडावी.

गैरसमज : ‘इज अ‍ॅडमिन’ तपासलं की कोड सुरक्षित.
वस्तुस्थिती : नाव फसवं आहे. हे फंक्शन समोरचा माणूस अ‍ॅडमिन आहे का, हे सांगतच नाही. विनंती अ‍ॅडमिन विभागाकडे आली आहे का, एवढंच सांगतं. एजॅक्सच्या विनंतीत तर लॉगिन न केलेल्यालाही ‘हो’ असं उत्तर मिळतं. अधिकार तपासायला ‘करंट यूजर कॅन’ आहे. शिवाय फॉर्मला नॉन्स, डेटाबेसच्या क्वेरीला ‘प्रिपेअर’ आणि छापण्याआधी एस्केपिंग, यांना पर्याय नाही.

गैरसमज : प्लगइन वाढली की साइट मंदावते.
वस्तुस्थिती : संख्येवरून काही ठरत नाही. दर पानाला बाहेरच्या सर्व्हरला साद घालणारं एकच प्लगइन साइट रखडवतं. आपल्या तारखेच्या प्लगइनसारखी वीस असली तरी जाणवणार नाहीत.

गैरसमज : कोड चुकला की साइट कायमची गेली.
वस्तुस्थिती : २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून घातक चूक झाली की अ‍ॅडमिनला ईमेलने रिकव्हरी मोडचा दुवा जातो. तो आला नाही, तर एफटीपीने प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. ते प्लगइन बंद पडतं. तरी आधी चाचणीच्या साइटवर चालवून पाहावं आणि बॅकअप घ्यावा.

गैरसमज : कोड दिला, काम संपलं.
वस्तुस्थिती : पीएचपी ८.० मधून ‘क्रिएट फंक्शन’ काढून टाकलं, तेव्हा ते वापरणारा जुना कोड जागीच कोसळू लागला. होस्टिंगवाला पीएचपी बदलेल, त्या दिवशी तुम्ही फोनवर असालच असं नाही. म्हणून प्लगइन कशासाठी आहे, कुठे आहे आणि बंद कसं करायचं, हे मंडळाच्या चिटणीसांना साध्या मराठीत लिहून द्या.