पोट म्हणजे पिशवी नव्हे

“मॅडम, आता पोटच एवढंसं राहिलंय, मग पथ्य कशाचं?”

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचा आहार ठरवणं हे माझं काम. हा प्रश्न मला कधी पेशंट विचारतो, कधी सोबत आलेली सासू, कधी नवरा. शांतपणे उत्तर द्यायचं मी दर वेळी ठरवते. तरी परवा आवाज चढलाच, कारण समोर बसलेल्या बाईंना त्या समजुतीने खरोखर आजारी पाडलं होतं.

शस्त्रक्रियेला दहा महिने झाले होते. वजन छान उतरलेलं, पण चेहरा ओढलेला, एक जिना चढला की धाप, तळपायांना मुंग्या. दिवसभरात काय खाता, असं विचारलं. सकाळी चहा आणि खारी. अकराला थोडे पोहे. दुपारी चार घास मऊ वरणभात, वरण पातळच. संध्याकाळी चहाबरोबर मूठभर चिवडा. रात्री दुधात कुस्करलेली अर्धी पोळी. मी हिशोब केला: दिवसाची प्रथिनं जेमतेम वीस ग्रॅम. लागतात किमान साठ. “पण मी किती कमी खाते!” बाई अभिमानाने म्हणाल्या. घरातही सगळे हेच कौतुक करत होते.

या कौतुकाच्या मुळाशी एक चित्र आहे. पोट म्हणजे पिशवी, डॉक्टरांनी ती शिवून लहान केली, आता तिच्यात मावेल तेवढंच जाणार आणि वजन आपोआप उतरणार. चित्र समजायला सोपं आहे, म्हणून ते पसरतं. पण ते अर्धवट आहे, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी दोन मोठे चमचे मावतील एवढा कप्पा वेगळा करतात आणि तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याला वळसा घालून जातं. जागा कमी होते हे खरंच. पण स्लीव्हमध्ये जो भाग काढला जातो, त्यातच घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक प्रामुख्याने तयार होतं. 1999 साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. शिवाय अन्न आतड्यात वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या ठिकाणी पोचू लागतं, तशी पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी जीएलपी-1सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात. म्हणून तर मधुमेह असलेल्या कितीतरी जणांची साखर वजन फारसं उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत, खाली येते. पिशवी लहान झाली एवढंच घडलं असतं, तर याचा उलगडा झाला नसता.

“मनावर घेतलं असतं तर ऑपरेशनशिवायही जमलं असतं,” असं म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातलं एक संशोधन वाचावं. 2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते छापून आलं. पन्नास लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला आणि त्यांचं वजन सरासरी तेरा किलोंच्या वर उतरलं. वर्षभराने रक्त तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. शरीर वर्षभर गेलेलं वजन परत मागत होतं. शस्त्रक्रिया नेमका हा रेटा कमी करते. म्हणून तिला पळवाट म्हणू नका.

पण रेटा कमी होणं म्हणजे काम संपणं नव्हे. पिशवीच्या चित्राने खरा घात होतो तो इथे.

पहिली गोष्ट, ही अरुंद नळी सगळं सारखं अडवत नाही. चिकनचा तुकडा, पनीर, घट्ट उसळ, भाकरी यांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि ते टिकतं. पण पातळ पदार्थ सरळ खाली उतरतात. उसाचा रस, मिल्कशेक, आइस्क्रीम, दोन-दोन चमचे साखरेचे पाच चहा, यातलं काहीही नळीत अडत नाही. चिवडा, शेव, खारी, बिस्किट यांचंही तेच. तोंडात भुगा होतो, चहाच्या घोटाबरोबर वाहून जातो, आणि तासाभरात पुन्हा मूठभर खाता येतो. माणूस प्रामाणिकपणे म्हणतो की मी दोन घासांच्या वर जेवत नाही. ते खरंच असतं, पण चहा-चिवड्याला तो जेवणात धरत नाही. वजन परत चढलेल्या अनेकांच्या वहीत मला हेच सापडतं.

दुसरी गोष्ट, अर्धी वाटी जागा असेल तर त्या अर्ध्या वाटीत काय घालायचं याला आधीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व येतं. पूर्वी चार पोळ्या, भात, भाजी, आमटी यांत प्रथिनं कुठून ना कुठून मिळत होती. आता ती ठरवूनच घ्यावी लागतात. साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम, रोज. शाकाहारी माणसाचा हिशोब करून पाहा: दोन वाट्या दही म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठरा, दोन वाट्या घट्ट वरण म्हणजे बारा-चौदा. एवढं सगळं पोटात गेलं तरी बेरीज चाळिशीच्या थोडीच पुढे जाते. उरलेल्यासाठी सोया, टोफू, मुगाचं धिरडं लागतं आणि बऱ्याच जणांना प्रथिनांची पावडर घ्यावीच लागते. “पावडर म्हणजे औषध, किडनी खराब होते,” असं म्हणून ती बंद करणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात. किडनीचा आजार आधीपासून असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. निरोगी किडनीला एवढ्या प्रथिनांनी काही होत नाही. ती न मिळाल्याने मात्र स्नायू झडतात, आणि वजनकाट्यावर तो आकडाही “छान उतरलं” म्हणूनच दिसतो.

वरणाच्या पाण्याबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. पहिले दोनेक आठवडे पातळ आहार असतो, तेव्हा घरोघरी प्रेमाने वरणाचं पाणी दिलं जातं. त्यात डाळीची चव असते, डाळ नसते. त्या दिवसांतही ताक, गाळलेलं दाट सूप, पावडर घातलेलं दूध हवं. पुढे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी सगळ्यांसारखं जेवण, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. आपल्याला दिलेलं पाळावं, मावसबहिणीचं नव्हे.

आणि पाणी. आपल्याकडे पान मांडलं की तांब्या-भांडं आधी येतं. शस्त्रक्रियेनंतर ते ताटापासून दूर ठेवायला शिकावं लागतं. घासाबरोबर पाणी प्यायलं तर कुणाला दाटून येतं, कुणाचं अन्न लवकर खाली ढकललं जातं. जेवल्यावर अर्धा तास थांबावं, आणि मग दिवसभर घोट-घोट करत दीड-दोन लिटर पूर्ण करावेत. ज्यांनी आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायलं, त्यांना हे प्रथिनांपेक्षाही अवघड जातं. मी त्यांना दोष देत नाही, हळूहळू जमतं.

सगळ्यात अवघड असते पंगत. “एवढ्याशाने काय होतंय, अजून एक पुरणपोळी घ्या, माझ्यासाठी.” बायपास झालेल्या माणसाने ती घेतली, किंवा वाटीभर बासुंदी प्यायली, तर साखर धाडकन आतड्यात उतरते. दहा-वीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम घसरून हातपाय कापतात. स्लीव्हनंतरही हा त्रास होऊ शकतो, पण त्यामानाने कमी. त्या माणसाचं पोट आणि आग्रह करणाऱ्याचं प्रेम यांत निवड करायची वेळ त्याच्यावर आणू नका. ताटात आधी जे वाढाल, त्यात उसळ किंवा अंडं किंवा मासा असू द्या, आणि त्याने हात आडवा धरला की थांबा.

“वजन परत आलंच, म्हणजे ऑपरेशन फेल गेलं,” ही याच समजुतीची दुसरी बाजू. स्वीडनमध्ये 1987पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं, आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्के होती. म्हणजे थोडं परत येणं हा नियमच आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली नव्हती, त्यांच्या सरासरी वजनात इतक्या वर्षांत दोन टक्क्यांपलीकडे फरक पडला नाही. शंभर किलोंचा माणूस अडुसष्टवर जाऊन पंच्याहत्तरला स्थिरावला, तर त्याला अपयशी म्हणणाऱ्यांनी ही तुलना पाहावी.

आता ज्याची मला खरोखर भीती वाटते ते. “या ऑपरेशननंतर उल्ट्या होतातच.” घाईने खाल्लं, नीट चावलं नाही, तर एखादी होते. पण रोज होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर घरी थांबू नका. शरीरातला ब-1 जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की डोळ्यांना दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं सुरू होतं, आणि मेंदूचं ते नुकसान कायमचं राहू शकतं. अशा वेळी ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी ब-1चं इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातही पहिलं वाक्य हेच सांगा की माझी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे.

“वर्षभर गोळ्या घेतल्या, आता रिपोर्ट नॉर्मल आहेत, बंद केल्या.” ब-12चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, म्हणून बंद केल्यावर लगेच काही होत नाही. मग मुंग्या येतात, विसरायला होतं. आपल्याकडे शाकाहारी माणसांत ब-12 आधीच कमी असतं. त्या बाईंच्या तळपायांचं कारण तपासणीत हेच निघालं. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि लोहाची चहाबरोबर तर मुळीच नाही.

केस गळतात, ते टक्कल पडेपर्यंत? नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, आणि प्रथिनं-लोह नीट असेल तर परत येतात.

मूल होत नाही? उलट पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते. फक्त पहिलं वर्ष-दीड वर्ष थांबावं, आणि तोवर गर्भनिरोधनाचा मार्ग डॉक्टरांना विचारून ठरवावा, कारण बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही.

दिसण्यासाठी केलेली हौस? विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019च्या नियमांतच डॉक्टरी निकषांत बसणारी शस्त्रक्रिया वगळलेल्या खर्चांतून बाजूला काढली आहे.

जिवावरचं ऑपरेशन? अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 0.3 टक्के होतं.

थोडी घेतली तर चालते? बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षात व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं नोंदलं गेलं आहे.

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी? बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी जोडाशी अल्सर होतो. धूम्रपानानेही होतो.

जाता जाता त्या बाईंनी आषाढी एकादशीचं विचारलं. दर वर्षी धरतात, सोडायची नव्हती. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, आणि खिचडीचे चार चमचे सगळी जागा खाऊन टाकतात. म्हणून आम्ही दोघींनी बसून यादी केली: सकाळी दाट दही, मग पावडर घातलेलं बिनसाखरेचं दूध, दुपारी राजगिऱ्याच्या पिठाचं छोटं थालीपीठ आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी पनीरचे तुकडे. पावडर उपासाला चालते का, हे त्या सासूबाईंना विचारणार होत्या. दोन दिवसांनी फोन आला, चालते म्हणाल्या.