हाफ इंजिन, फुल इंजिन

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या कसमादे पट्ट्यात मोटरसायकल दुरुस्तीची विद्या शोरूममधून आली नाही, ती विहिरीवरून आली. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन किंवा राजकोटकडचं लिस्टर पद्धतीचं जड चाकांचं इंजिन ज्या मिस्त्रीनं बांधावर बसून उघडलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, त्याच्यापुढे पहिली बुलेट आली तेव्हा त्याला त्यात परकं असं थोडंच होतं. एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक, पुशरॉड आणि अंगच्याच तालावर चालणारी घाईविना गती. पुढे ओझरचा विमान कारखाना आणि सातपूरची मायको कंपनी उभी राहिली. नाशिक जिल्ह्यातली आयटीआय झालेली पोरं तिथं कामाला लागली आणि मापाचा हजारावा भाग त्यांच्या बोटांत बसला. आज देवळ्यासारख्या गावात ट्रॅक्टरची पिन, पंपाचा शाफ्ट आणि बुलेटचा ब्लॉक एकाच लेथवर चढतो, त्यामागे हा दुहेरी वारसा आहे.

गॅरेजच्या बोलीत कामाचे दोनच प्रकार. हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह पाहिले की हाफ इंजिन. क्रँककेस फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं आणि गिअर बाहेर काढले की फुल इंजिन. जुन्या गाडीत नवा, सुधारित भाग घालायचा तो याच दोन प्रसंगी. शहरातल्या हौशी माणसाला ‘अपग्रेड’ हा छंद वाटतो. इथं तो कधीच छंद नव्हता. जुना भाग मिळेनासा झाला, जो मिळाला तो पुढच्या मॉडेलचा होता, म्हणून तो बसवला. या भागातल्या जुन्या गाड्या अस्सल राहिल्या नाहीत, आणि बहुतेक वेळा त्याच कारणानं त्या चालत राहिल्या.

बुलेटपासून सुरुवात करणं भाग आहे. १९५२ साली भारतीय लष्करानं ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधली मूळ कंपनी मिटली तरी तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून तेच इंजिन थोड्याफार बदलांनी पुढची कित्येक दशकं निघत राहिलं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, ३४६ सीसी. कंपनी १८ अश्वशक्तीचा आकडा देई तो मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांना. आता साधा हिशोब करा. इतक्या फेऱ्यांना ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे १७ मीटर होते. यामाहाच्या आरएक्स १०० चं इंजिन साडेसात हजार फेऱ्यांना ओरडतं, पण तिचा स्ट्रोक ५० मिलिमीटरच असल्यानं तिचा पिस्टन साडेबारा मीटरवरच राहतो. म्हणजे धीरगंभीर वाटणारी बुलेट पूर्ण ताकदीला पोचते तेव्हा आपल्या हाडांवर आरएक्सपेक्षा जास्त ताण घेत असते. सगळं चालवण्याचं आणि सुधारण्याचं तारतम्य या आकड्यात आहे.

तो ताण पहिल्यांदा जिथं दिसतो ती जागा म्हणजे बिग एंड, कनेक्टिंग रॉडचं खालचं मोठं टोक. जुन्या बुलेटमध्ये तिथं रोलर नाहीत, मोकळा फिरणारा बुश आहे. त्याच्या आत आणि बाहेर तेलाचा पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावरच तो जगतो. तेल स्वच्छ आहे, गार आहे, पंप वेळेवर पोचवतो आहे, तोवर बुश उत्तम. गावातल्या गावात, बाजाराच्या वाटेवर, ५० च्या वेगानं तो वर्षानुवर्षं टिकतो. पण चौपदरी महामार्ग झाल्यापासून तीच गाडी तासन्‌तास ८० ला धरली जाते. तेल तापून पातळ होतं, पापुद्रा तुटतो आणि खालून ‘ठकठक’ ऐकू येऊ लागते. यावरचा इलाज जगभर एकच मानला गेला आहे: रोलर बेअरिंगचा बिग एंड आणि जास्त तेल देणारा पंप. इंग्लंडमधली हिचकॉक्स ही दुकानदार कंपनी भारतात बनलेल्या बुलेटांसाठी असे भाग वर्षानुवर्षं विकते आहे. माझं मत विचाराल तर जुन्या बुलेटमध्ये पैसा घालायचाच असेल तर पहिला इथं घालावा. बाहेरून काही दिसत नाही, आवाज बदलत नाही, मित्रांना दाखवायला काही उरत नाही. म्हणूनच बहुतेक जण तो शेवटी घालतात.

पिस्टनची गोष्ट वेगळी. ब्लॉक घासला की बोअर करायचा आणि वरच्या साईजचा पिस्टन टाकायचा. दहा, वीस, तीस या साईज म्हणजे इंचाचे हजारांश. ओतीव लोखंडाचा ब्लॉक अशी दोन-तीन बोअरिंगं सहज सोसतो. आता त्याऐवजी आत लोखंडी लाइनर असलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉकही मिळतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिपटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं, पिस्टनबरोबर जवळपास तेवढंच फुगतं, त्यामुळे उन्हाळ्यात घाट चढताना पिस्टन पकडण्याची भीती कमी होते. मे महिन्यात देवळ्याहून नाशिकच्या वाटेवर भावडबारीचा चढ दोन माणसं आणि सामान घेऊन चढणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सोबत जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन मात्र लोक उगाच घालतात. मूळ साडेसहाच्या आसपासच्या कॉम्प्रेशनला आठावर नेलं की ताकद वाढते हे खरं, पण ती वाढलेली ताकद त्याच बुशवर, त्याच क्लचवर आणि त्याच सहा इंची ड्रम ब्रेकवर येऊन पडते. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्लीनं भारतीय बुलेट ५३५ आणि ६२४ सीसीपर्यंत वाढवून दाखवली, पण तो खालपासून वरपर्यंत सगळी गाडी नव्यानं विचारात घेणारा माणूस होता. आपल्याकडे त्यातला फक्त पिस्टन उचलला जातो.

गिअरबॉक्सकडे वळू, कारण इथं हिशोब सगळ्यात सुंदर आहे आणि सगळ्यात जास्त चुकवला जातो. जुन्या बुलेटचा आल्बियन पद्धतीचा गिअरबॉक्स चार गतींचा. लिव्हर उजवीकडे, पहिला वर आणि बाकी तीन खाली. शेजारी टाचेनं दाबायची छोटी पट्टी, जी गाडी थेट न्यूट्रलला आणते. तिच्याइतकी सोयीची युक्ती नंतरच्या कुठल्या गाडीत दिसली नाही. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.७८, चौथ्याचं बरोबर १. नंतर आलेल्या पाच गतींच्या, डाव्या पायाच्या गिअरबॉक्सचा पहिला ३.०६ आणि पाचवा पुन्हा १. म्हणजे पाचवा गिअर घातल्यानं गाडी जास्त पळत नाही. वरची पायरी जिथल्या तिथं राहते, मधल्या पायऱ्यांतलं अंतर कमी होतं आणि पहिली पायरी आणखी खाली जाते. पुष्कळ जण पाच गती बसवून महामार्गावर निघतात आणि फरक न दिसल्यानं मिस्त्रीवर डाफरतात.

फरक दिसायचा असेल तर त्यासोबत पुढचं चेन-स्पॉकेट बदलावं लागतं. मूळ ३५० ला पुढे १६ दाते, मागे ३८. पुढचं १८ केलं की त्याच वेगाला इंजिन सुमारे ११ टक्के कमी फिरतं. ८० च्या वेगाला साडेतीन हजारांच्या आसपास फिरणारं इंजिन एकतीसशेवर येतं, बिग एंडला श्वास मिळतो. पण चार गतींच्या पेटीला १८ दाते लावले तर पहिला गिअर जड होतो. चढावर, कांद्याची गोणी मागे बांधून उठताना क्लच जळतो. आता दोन्ही एकत्र करून पाहा. जुनी जोडी: २.७८ गुणिले ३८ भागिले १६, म्हणजे ६.६०. नवी जोडी: ३.०६ गुणिले ३८ भागिले १८, म्हणजे ६.४६. पहिला गिअर जवळपास होता तसाच राहिला आणि वरचा ११ टक्क्यांनी लांबला. एकेकटे अपुरे असलेले हे दोन बदल जोडीनं आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. एक सावधगिरी मात्र हवीच. ब्रेक आणि गिअर पायांची अदलाबदल करतात, आणि तीस वर्षं उजव्या पायानं गिअर टाकणाऱ्या माणसाचा पाय अवघड क्षणी जुन्याच सवयीनं जातो.

जावा-येझदीचं प्रकरण निराळं. मुंबईच्या इराणी घराण्यानं म्हैसूरला आयडियल जावा उभी केली, १९६१ पासून गाड्या निघू लागल्या, १९७३ च्या सुमारास येझदी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखाना थांबला. २४८.५ सीसी, दोन स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि एकच लिव्हर जी किकही मारते आणि गिअरही टाकते. या इंजिनात ताकद वाढवायच्या नादी लागू नये. ते जसं आहे तसंच गोड आहे. त्याची दुखणी दोन. एक, सहा व्होल्टचा डायनॅमो आणि कॉन्टॅक्ट पॉइंट. रात्री शेतातून घरी येताना हेडलाइटपेक्षा चांदणं जास्त कामाला येतं. झेक कंपनी व्हेपचा बारा व्होल्टचा संच त्या जागी अलगद बसतो, प्रकाश देतो आणि पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी उठवतो. मूळ डायनॅमो कापडात बांधून ठेवला की झालं. दुसरं दुखणं क्रँकच्या ऑइल सीलचं. दोन स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. सील वाळून चिरला की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून पकडतो. दुसऱ्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्सचं तेल आत येतं आणि मागे पांढरा धूर. दहा वर्षं गोठ्यात उभी असलेली जावा चालू करायच्या आधी सील बदलावेत. मोठ्या कार्बोरेटरचा विचार त्यानंतर सुचला तर सुचू द्यावा.

राजदूत १७५ दूधवाल्यांची. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएलवरून घेतलेलं हे इंजिन इतकं सोसणारं होतं की त्यात सुधारणा करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिची थोरली बहीण राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी, १९८३ ला आली. दोन सिलिंडर, सहा गती, जास्त ताकदीच्या आवृत्तीला ३०.५ अश्वशक्ती, आणि थांबवायला दोन्ही चाकांना ड्रम. त्या काळी मायलेज विचारणाऱ्या देशात ती चालली नाही. आज तिच्यावर जीव टाकणारे लोक पहिली सुधारणा म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवतात आणि ते अगदी बरोबर करतात.

आरएक्स १०० ही मात्र खरी प्रयोगशाळा. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, चार गती. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५०. पुढे आलेल्या आरएक्स १३५ ला त्याच स्ट्रोकवर ५८ चा बोअर, म्हणून १३२ सीसी, आणि नंतर पाच गती. एकाच घरातले भाऊ असल्यानं एकाचे गिअर दुसऱ्याच्या पोटात जाऊ लागले. चाराचे पाच करणं इथं पूर्ण सार्थ ठरतं, कारण या इंजिनाची ताकद अरुंद पट्ट्यात आहे आणि पायऱ्या जवळ आल्या की त्या पट्ट्यातून खाली घसरावं लागत नाही. बुलेटला पाचवा गिअर सोय म्हणून, आरएक्सला गरज म्हणून. पोर्ट घासणं मात्र जपून. एक्झॉस्टचा पोर्ट एखादा मिलिमीटर वर नेला की जोर वरच्या फेऱ्यांत सरकतो आणि खालचा मरतो. शर्यतीच्या धावपट्टीवर ते शोभतं. लोहोणेरच्या बाजारात ट्रॅक्टरमागे पंधराच्या वेगानं रांगताना प्लग काळा पडतो. आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. स्पॉकेट, इग्निशन, कार्बोरेटर उद्या मूळचे लावता येतात, पोर्ट नाही.

डिझेल बुलेटचा उल्लेख टाळता येणार नाही. कारखान्याची टॉरस होतीच, ३२५ सीसी, साडेसहा अश्वशक्तीची. तिच्याशिवाय शेतातलं पंपाचं इंजिन बुलेटच्या सांगाड्यात बसवणारेही झाले, आणि सौराष्ट्रात तर पुढे एन्फिल्ड व मागे गाडा अशा छकड्यांवर अख्खी खेडी हलली. ही सुधारणा की विटंबना हा वाद पोट भरलेल्यांचा.

सध्या जुन्या गाडीत सगळ्यात मोठा बदल मालकाला न विचारता होतो आहे, पेट्रोलमधून. विठेवाडीच्या वसाका साखर कारखान्याचं धुराडं पाहत वाढलेल्यांना उसापासून अल्कोहोल निघतं हे शिकवायला नको. तेच आता २० टक्के इथेनॉल होऊन टाकीत येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. मेन जेट एक-दोन नंबर मोठा करणं ही आजची सर्वात स्वस्त आणि निकडीची सुधारणा. जुनी रबरी नळी, फ्लोटच्या सुईचं टोक, टाकीच्या नळाचे वायसर, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं हवं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवावी.

उरला कायदा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच अधोरेखित केलं. इंजिन बदललं तर मालेगावच्या परिवहन कार्यालयाची, म्हणजे एमएच ४१ ची, पायरी चढावी लागते. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा आणि इंजिन यांत भरीव फेरकाम झालेलं नसावं. रोज बाजारहाट करून जगलेली गाडी इथं अपात्र ठरण्याचा धोका आहे आणि तीस वर्षं चादरीखाली झोपलेली पात्र.

म्हणून काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, गोणपाटात बांधून, त्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवावा, मग तो भंगारवाल्याला कितीही हवा असो. १९८५ ची पहिली आरएक्स १०० पन्नाशी गाठेल २०३५ मध्ये. तेव्हा तपासणी करणारी समिती चार गती मोजेल, आणि ज्यांनी पाच बसवून जुना संच किलोवर विकला त्यांना तो तेव्हा कुठल्या भावानं मिळेल, याचा अंदाज आजच्या बाजारभावावरून बांधता येतो.